लोकायुक्तांकडे केलेली तक्रार दोषारोपपत्रापर्यंत कशी न्यावी

एखाद्या अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर केला, काम मुद्दाम अडवून ठेवले किंवा हाताखालच्या कर्मचाऱ्यांना घरगडी म्हणून राबवले, तर ‘लोकायुक्तांनी त्याला तात्काळ निलंबित करावे’ अशी मागणी करणारा अर्ज लिहिला जातो. अर्जदाराचा संताप खरा असतो, पण ज्यांच्याकडे तो ही मागणी करतो त्यांच्या हातात तो अधिकारच नसतो. महाराष्ट्राच्या लोकायुक्तांना, म्हणजे मंत्री व लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या प्राधिकाऱ्यांना, स्वतःच्या आदेशाने कोणाला निलंबित करता येत नाही, बडतर्फ करता येत नाही, इतकेच काय, कोणाची एक वेतनवाढही रोखता येत नाही. त्यांनी चौकशी करावी, निष्कर्ष काढावा आणि तो सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या अधिकाऱ्यावर कारवाई करण्याचा अधिकार ज्याला आहे त्याच्याकडे, पाठवावा, इथवर त्यांचे काम. शिक्षा करायची ती त्या प्राधिकाऱ्याने, आणि तीही सेवा नियमांत सांगितलेल्या वाटेनेच.

म्हणून तक्रार लिहिताना डोळ्यांसमोर दोन वाचक ठेवावेत. पहिला वाचक लोकायुक्त कार्यालयातला, ज्याला ही तक्रार आपल्या अधिकारकक्षेत बसते की नाही हे ठरवायचे असते. दुसरा वाचक बराच पुढे, संबंधित विभागाच्या आस्थापना शाखेत बसलेला असतो, आणि लोकायुक्तांचा अहवाल आल्यावर त्यातून दोषारोपपत्राचा, म्हणजे विभागीय चौकशीसाठी अधिकाऱ्यावर लेखी ठेवल्या जाणाऱ्या आरोपांचा, मसुदा करण्याचे काम त्याच्याकडे येते. पहिल्या वाचकाला पटलेली पण दुसऱ्याला निरुपयोगी ठरलेली तक्रार बहुधा ‘समज देण्यात आली’ या तीन शब्दांवर संपते. पुढचे सगळे मार्गदर्शन त्या दुसऱ्या वाचकाला धरून केले आहे.

अधिकार नेमका किती

महाराष्ट्र लोक आयुक्त आणि उप लोक आयुक्त अधिनियम १९७१ सालचा असून तो २५ ऑक्टोबर १९७२ पासून अमलात आला. कायदा करण्यात ओडिशाने आपल्या आधी, १९७० मध्ये, पाऊल टाकले होते, परंतु प्रत्यक्षात ही संस्था उभी करणारे पहिले राज्य महाराष्ट्र. मंत्री आणि सचिव यांच्याविरुद्धच्या तक्रारी लोकायुक्तांकडे आणि इतर लोकसेवकांविरुद्धच्या उप लोकायुक्तांकडे, अशी साधारण वाटणी या कायद्याने केली. चौकशीच्या कामी त्यांना साक्षीदारांना बोलावणे, शपथेवर जबाब घेणे, कागदपत्रे हजर करायला लावणे, असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. सामान्य माणसाला जी नस्ती (फाइल) वर्षभर हेलपाटे घालूनही पाहायला मिळत नाही, ती लोकायुक्तांच्या एका पत्राने टेबलावर येते. या संस्थेचे खरे बळ इथे आहे, आणि तक्रारदाराने त्याचाच उपयोग करून घ्यायचा असतो.

शिफारशीचे कलम १२ मात्र नीट समजून घ्यावे. तक्रारीचे ‘गाऱ्हाणे’ आणि ‘आरोप’ असे दोन प्रकार आहेत, त्यांचा फरक पुढे येईल. तक्रार गाऱ्हाण्याची असेल आणि अन्याय झाल्याचे लोकायुक्तांना पटले, तर तो अमुक मुदतीत दूर करावा अशी शिफारस ते संबंधित लोकसेवकाला व सक्षम प्राधिकाऱ्याला करतात. तक्रार आरोपाची असेल आणि आरोप पूर्णतः किंवा अंशतः सिद्ध झाला, तर निष्कर्ष व कागदपत्रे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातात आणि त्या प्राधिकाऱ्याने अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, काय कारवाई केली किंवा करण्याचे योजले आहे, ते कळवायचे असते. उत्तराने समाधान झाले नाही तर लोकायुक्त राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात, आणि तो शासनाच्या स्पष्टीकरणासह विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. सभागृहात अहवाल मांडला जाणे ही काही शिक्षा नव्हे, पण ज्या सचिवाच्या विभागाचे नाव त्यात येणार असते त्याला ती बाब अप्रिय असते, एवढे खरे.

सगळीकडे हीच रीत आहे असे नाही. बेळगाव, निपाणी किंवा कारवार भागातील वाचकांनी लक्षात घ्यावे की कर्नाटकाच्या १९८४ च्या कायद्यात, आरोप सिद्ध झालेल्या लोकसेवकाने पदावर राहू नये असे जाहीर करण्याचा अधिकार लोकायुक्तांना देण्यात आला, आणि तेथील सेवा नियमांतील नियम १४-अ नुसार सरकार विभागीय चौकशीच लोकायुक्त किंवा उपलोकायुक्तांकडे सोपवू शकते. गोव्याच्या २०११ च्या कायद्यातही पद सोडण्याबाबत जाहीर करण्याची तरतूद होती. २०२१ च्या दुरुस्तीने तिची धार काढून घेतली. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०२० मध्ये, गोव्याचे लोकायुक्त न्या. पी. के. मिश्रा यांनी पदावरून उतरताना, आपण दिलेल्या २१ अहवालांपैकी एकावरही सरकारने कारवाई केली नाही, असे उघडपणे सांगितले होते. याच्या दुसऱ्या टोकाला फिलिपीन्स आहे. तेथील १९८९ च्या कायदा क्रमांक ६७७० ने ओंबुड्समनला, म्हणजे तिथल्या लोकायुक्तासारख्या पदाधिकाऱ्याला, महाभियोगास पात्र पदाधिकारी, संसद सदस्य आणि न्यायपालिका वगळता, बाकी सर्व निवडून आलेल्या व नेमलेल्या अधिकाऱ्यांवर थेट शिस्तभंगाचा अधिकार दिला असून चौकशीदरम्यान सहा महिन्यांपर्यंत बिनपगारी निलंबन आणि शेवटी बडतर्फीही तो करू शकतो. त्या देशाच्या संविधानात ‘शिफारस करणे’ असाच शब्द असल्याने हा अधिकार केवळ सल्ल्याचा आहे असा युक्तिवाद झाला होता, पण २००५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ओंबुड्समनचा आदेश बंधनकारक असल्याचे ठरवले. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ अजून शब्दशःच घेतला जातो.

महाराष्ट्रात नव्या कायद्याचे विधेयक विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केले, आणि मुख्यमंत्र्यांनाही त्याच्या कक्षेत आणण्यात आले. तक्रार करण्याच्या दिवशी कोणता कायदा लागू आहे व विहित नमुना कोणता आहे, हे लोकायुक्त कार्यालयातून विचारून घ्यावे. पुढील विवेचन १९७१ च्या कायद्याला धरून आहे.

आधी दार तपासा

लोकायुक्तांकडे जाण्यापूर्वी आपली बाब दुसऱ्या कोणाकडे अधिक लवकर सुटणारी आहे का, हे पाहावे. लाच मागितली गेली असेल आणि ती अजून दिलेली नसेल, तर जागा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची, म्हणजे १०६४ या क्रमांकाची. सापळा लावायचा तर तो पैसे देण्यापूर्वीच लागतो. दाखला, परवाना यांसारखी अधिसूचित सेवा मुदतीत मिळाली नसेल, तर २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील करावे, कारण तेथे कसूर करणाऱ्यावर ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती थेट बसू शकते. रेल्वे, टपाल, आयकर अशा केंद्रीय खात्यांतील भ्रष्टाचाराची तक्रार लोकपालांकडे जाते. तेथे घटनेपासून सात वर्षांची मुदत आहे, आणि खोटी व त्रासदायक तक्रार केल्यास एक वर्षापर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत मात्र अजिबात घोळ घालू नये. २०१३ च्या कायद्यानुसार तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे आणि जेथे दहापेक्षा कमी कर्मचारी आहेत किंवा खुद्द मालकाविरुद्धच तक्रार आहे तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची असते, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. समितीने ९० दिवसांत चौकशी पुरी करायची असून, समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानला जावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलेले आहे. म्हणजे शिक्षेपर्यंत जाण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि लोकायुक्तांकडे अर्ज करून उत्तराची वाट पाहण्यात तीन महिने निघून गेले तर नुकसान पीडितेचेच होते.

आता तक्रारदार स्वतःच सरकारी कर्मचारी असेल तर. बदली, पदोन्नती, गोपनीय अहवाल, वेतननिश्चिती, स्वतःवर झालेली शिस्तभंगाची कारवाई, या सेवाविषयक बाबी गाऱ्हाणे म्हणून लोकायुक्तांकडे चालत नाहीत. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीने त्या वगळल्या आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याने त्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, साधारणतः एका वर्षाच्या आत, जावे. निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी), भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तीनंतर उद्भवणारी अन्य येणी मात्र त्या वगळण्यातून वगळलेली आहेत, म्हणून निवृत्त शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला आपल्या अडकलेल्या पेन्शनसाठी लोकायुक्तांकडे अवश्य जाता येते. तसेच वरिष्ठ अधिकारी बदलीसाठी पैसे मागत असेल किंवा खोटी प्रवासभत्ता देयके काढत असेल, तर तो तुमच्या सेवेचा प्रश्न राहत नाही, त्याच्या सचोटीचा होतो, आणि त्याची तक्रार ‘आरोप’ म्हणून करता येते. एकाच अर्जात ‘माझी बदली रद्द करा आणि साहेबांची चौकशी करा’ असे लिहिले की पहिल्या मागणीमुळे दुसरीकडेही आकसाच्या नजरेने पाहिले जाते. दोन्ही वेगळे ठेवावे.

आरोप की गाऱ्हाणे

कायद्याने तक्रारीचे हे दोन प्रकार केले आहेत, आणि अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात आपला प्रकार कोणता ते सांगावे. पदाचा गैरवापर करून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा लाभ करून घेणे, कोणाला तरी विनाकारण हानी पोहोचवणे, वैयक्तिक स्वार्थाने किंवा भ्रष्ट हेतूने काम करणे, सचोटीचा अभाव असणे, हे ‘आरोपा’त येते. गैरप्रशासनामुळे, म्हणजे अवाजवी, अन्यायकारक, भेदभावाच्या, निष्काळजी किंवा अक्षम्य विलंबाच्या कृतीमुळे, तुम्हाला स्वतःला अन्याय किंवा त्रास सोसावा लागला असेल, तर ते ‘गाऱ्हाणे’. आरोप कोणीही करू शकतो. गाऱ्हाणे ज्याला झळ लागली त्याचेच. गाऱ्हाण्यासाठी कृती समजल्यापासून बारा महिने आणि आरोपासाठी कृती घडल्यापासून तीन वर्षे, या मुदती पाळाव्यात. उशीर झाला असल्यास त्याचे कारण अर्जातच, स्वतंत्र परिच्छेदात द्यावे.

आरोपाची तक्रार विहित नमुन्यात आणि शपथपत्रासह करावी लागते. शपथपत्र म्हणजे औपचारिकता समजून नोटरीकडे न वाचता सही करणारे पुष्कळ असतात. त्यातील प्रत्येक विधान ‘माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे’ खरे आहे की ‘कागदपत्रांवरून’ खरे आहे, हे तुम्ही शपथेवर सांगत असता, आणि ते खोटे ठरले तर तो गुन्हा आहे. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहावी.

गाऱ्हाण्यात आणखी एक खाच आहे. ज्या कृतीविरुद्ध न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात दाद मागण्याची सोय आहे किंवा होती, तिची चौकशी लोकायुक्त सामान्यतः करत नाहीत. समजा, मंडळ अधिकाऱ्याने तुमचा वारस फेरफार नामंजूर केला. ‘हा निर्णय चुकीचा आहे’ असे लिहिलेत, तर त्यासाठी महसूल कायद्यात अपील आहे, तेथे जा, एवढेच उत्तर मिळेल, आणि ते बरोबरच असेल. पण नोटिशीची मुदत संपून कोणाचीही हरकत आलेली नसताना फेरफार चौदा महिने कशाही कारणाविना पडून राहिला, तुमच्यामागून आलेले चार फेरफार त्याच काळात मंजूर झाले, आणि तुमच्या तीन स्मरणपत्रांना उत्तर नाही, असे लिहिले तर तक्रार निर्णयाविरुद्ध राहत नाही, वर्तनाविरुद्ध होते.

दोषारोपाच्या साच्यात लिहिणे

सर्वाधिक वेळ द्यावा तो याच टप्प्याला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांच्या नियम ८ खाली मोठ्या शिक्षेसाठी जे दोषारोपपत्र दिले जाते, त्याला चार जोडपत्रे असतात: दोषारोपांची बाब, त्या दोषारोपांच्या पुष्ट्यर्थ गैरवर्तणुकीचे विवरण, ज्या कागदपत्रांवरून दोषारोप सिद्ध करायचा त्यांची यादी, आणि साक्षीदारांची यादी. तुमच्या तक्रारीत ही चारही द्रव्ये असली पाहिजेत. ती नसली तर आस्थापना शाखेला ती शोधावी लागतात. शोधायला दुसऱ्या कार्यालयाचा अहवाल मागवावा लागतो. तो अहवाल मोघम येतो, पुन्हा स्वयंस्पष्ट अहवाल मागवला जातो, आणि तोवर संबंधित अधिकारी बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो.

‘तहसील कार्यालयात अनागोंदी आहे व अधिकारी उर्मट आहेत’ या वाक्यातून कोणालाही दोषारोप काढता येणार नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘अमुक पदावर अमुक तारखेपासून कार्यरत असलेल्या अधिकाऱ्यांकडे माझा अर्ज, आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक रोजी प्राप्त झाला. त्यावर दिनांक अमुकपर्यंत कोणतीही टिप्पणी ठेवण्यात आली नाही. दिनांक अमुक रोजी दुपारी मी समक्ष भेटलो असता त्यांनी अमुक शब्द उच्चारले. त्या वेळी अमुक दोन व्यक्ती हजर होत्या.’ एका दोषारोपात एकच कृती असावी. तीन कृती असतील तर तीन परिच्छेद करावेत, म्हणजे एक सिद्ध झाली नाही तरी उरलेल्या दोन उभ्या राहतात. विशेषणे गाळावीत. ‘मग्रूर’ हा शब्द सिद्ध करता येत नाही, तारीख करता येते.

कृतीच्या शेवटी ती कोणत्या नियमाचा भंग करते तेही लिहावे, कारण मसुदा करणारा तेच आधी शोधतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधील नियम ३ नितांत सचोटी, कर्तव्यपरायणता आणि सरकारी कर्मचाऱ्याला अशोभनीय असे काही न करणे, ही त्रिसूत्री सांगतो. जवळजवळ प्रत्येक दोषारोपाचा शेवट तिच्यावरच होतो. विलंबाच्या तक्रारीत २००५ चा बदल्यांचे विनियमन व शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा कायदा, ज्याला लोक दफ्तर दिरंगाई कायदा म्हणून ओळखतात, त्याचे कलम १० जरूर नमूद करावे. कोणतीही नस्ती कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, आणि हेतुपुरस्सर विलंब किंवा दुर्लक्ष ही कर्तव्यातील कसूर मानून शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे ते स्पष्ट सांगते. इतके धारदार कलम पुस्तकात असून त्याचा आधार घेणारे अर्ज थोडे दिसतात, हे मला नेहमीच नवल वाटत आले आहे.

अखिल भारतीय सेवेतील अधिकाऱ्याला, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांना, राज्याचे नव्हे तर अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ आणि (शिस्त व अपील) नियम, १९६९ लागू होतात. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे शिस्त व अपील नियम १९६४ चे वेगळे आहेत. नियम नीट सापडला नाही तर चुकीचा नियम ठोकून देऊ नये, कृती सविस्तर लिहून थांबावे.

पुरावा आणि मुदती

कागदपत्रे तक्रार करण्यापूर्वीच हाती असावीत. माहितीच्या अधिकारात नस्तीतील टिप्पण्यांच्या आणि आवक-जावक नोंदवहीच्या उताऱ्याच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांनुसार असा अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून मागणी आटोपशीर लिहावी. प्रत्येक प्रतीला अनुक्रमांक द्यावा आणि तक्रारीच्या परिच्छेदात तोच क्रमांक यावा. मोबाइलवरील ध्वनिमुद्रण असेल तर मूळ फाइल त्याच उपकरणात जपून ठेवावी, तिच्यात काटछाट करू नये, आणि संभाषण शब्दशः लिहून जोडावे.

येथे एक दिलासा आहे. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा लागत नाही; कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढे पाहिले जाते. त्यामुळे साक्षीदार एकच असला तरी निराश होण्याचे कारण नाही, फक्त त्या साक्षीला एखाद्या कागदाचा टेकू असावा.

अधिकाऱ्याच्या निवृत्तीची तारीख मात्र अगदी आधी शोधून काढावी. निवृत्तीपूर्वी विभागीय चौकशी सुरू झालेली असेल तर ती निवृत्तीनंतरही चालू राहते. सुरू झालेली नसेल तर निवृत्तिवेतन नियम, १९८२ च्या नियम २७ प्रमाणे शासनाची मंजुरी लागते, आणि चौकशी सुरू होण्याच्या चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेबद्दल ती सुरूच करता येत नाही. वर सांगितलेली आरोपाची तीन वर्षांची मुदत आणि ही चार वर्षांची मर्यादा शेजारी ठेवून पाहा: तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस केलेली तक्रार लोकायुक्तांकडे मुदतीत असते, पण त्यांची चौकशी आटोपेपर्यंत विभागाच्या हातून वेळ निसटलेली असते. निवृत्ती वर्षभरात असेल तर अर्जाच्या वरच्या बाजूला ती तारीख ठळकपणे लिहावी आणि लवकर सुनावणीची विनंती करावी.

दाखल केल्यानंतर

लोकायुक्तांचे कार्यालय मुंबईत मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय इमारतीत आहे. अर्ज समक्ष देऊन पोच घेता येते किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवता येतो. प्रथम प्राथमिक चौकशी होते, म्हणजे विभागाचे अभिप्राय मागवले जातात. त्या अभिप्रायाची प्रत मिळाल्यास त्याला मुद्देसूद उत्तर देणे ही तुमच्या हातातील सर्वांत मोठी संधी आहे, कारण विभागाचे अभिप्राय बहुधा मूळ मुद्दा सोडून कार्यपद्धतीचेच वर्णन करतात. ‘विभागाने परिच्छेद ३ मधील विलंबाबाबत काहीही म्हटलेले नाही’ एवढे एक वाक्य कधी कधी दहा पानांवर भारी पडते. तक्रार पुढे न चालवण्याचा निर्णय झाला तर त्याची कारणे तक्रारदाराला कळवली जातात.

चौकशी खासगीरीत्या चालते, आणि तक्रारदाराची किंवा लोकसेवकाची ओळख तिच्या आधी, दरम्यान वा नंतर वृत्तपत्रांकडे किंवा लोकांसमोर उघड करायची नसते. तक्रारीची पोच हातात पडताच तिचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या गटांत फिरवण्याची जी पद्धत पडली आहे, ती या तत्त्वाला धरून नाही, शिवाय त्यामुळे समोरच्याला आकसाचा बचाव आयता मिळतो.

सुनावणीत मागणी करताना शिक्षेचे नाव घेऊ नये. ‘बडतर्फ करा’ म्हणण्याऐवजी ‘निष्कर्ष कलम १२ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवून नियम ८ खाली विभागीय चौकशीची शिफारस व्हावी’ असे म्हणावे. हा फरक शब्दांपुरता नाही. शिस्त व अपील नियमांत ठपका ठेवणे, बढती रोखणे, झालेल्या नुकसानीची वसुली, वेतनवाढ रोखणे या किरकोळ शिक्षा नियम १० च्या संक्षिप्त वाटेने देता येतात; पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी या मोठ्या शिक्षांसाठी नियम ८ ची पूर्ण चौकशी अनिवार्य आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३११ मुळे नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला काढून टाकण्याचा किंवा बडतर्फीचा आदेश देता येत नाही, आणि आरोप कळवून बचावाची वाजवी संधी दिल्याशिवायही देता येत नाही. चुकीच्या वाटेने दिलेली मोठी शिक्षा न्यायाधिकरणात टिकत नाही, आणि मग तो अधिकारी थकबाकीसह परत येतो. निलंबनाचा आग्रहही धरू नये: निलंबन ही शिक्षा नसते, त्या काळात निर्वाह भत्ता मिळतो, आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवू नये असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे. अधिकारी त्याच खुर्चीवर बसून कागद फिरवण्याची धास्ती असेल, तर त्या कामातून त्याला दूर ठेवण्याची विनंती अधिक उपयोगाची.

अहवाल विभागाकडे गेल्याची तारीख लिहून ठेवावी आणि तेथून तीन महिने मोजावेत. मुदत उलटली की विभागाला नव्हे, लोकायुक्तांना पत्र द्यावे, आणि त्यात विशेष अहवालाचा विचार व्हावा अशी विनंती करावी. शेवटी कोणती शिक्षा झाली हे माहितीच्या अधिकारात विचारल्यास नकार येण्याची शक्यता आहे, कारण कर्मचाऱ्यावरील ज्ञापने व शिक्षेचे आदेश ही वैयक्तिक माहिती असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवले, व्यापक लोकहित दाखवता आले तर गोष्ट वेगळी. म्हणून तक्रारदार या नात्याने लोकायुक्त कार्यालयाकडेच कारवाईची माहिती मागणे अधिक बरे.

विभागीय चौकशी सुरू झाली की चौकशी अधिकारी तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावतील, तोवर कदाचित दोन वर्षे गेलेली असतील. त्या दिवशी जावेच. तक्रारदार गैरहजर राहिल्यामुळे दोषारोप सिद्ध न झाल्याचा शेरा पडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. जाताना मूळ कागद बरोबर न्यावेत, आपला अर्ज आदल्या रात्री पुन्हा वाचावा, आणि सादरकर्ता अधिकारी, म्हणजे चौकशीत विभागाची बाजू मांडणारे, विचारतील तेवढेच सांगावे. बचाव सहायक, म्हणजे आरोप असलेल्या अधिकाऱ्याची बाजू मांडणारा, उलटतपासणीत तारखांवरच बोट ठेवतो. अर्जात जी तारीख लिहिली तीच तोंडी आली पाहिजे, आणि आठवत नसेल तर ‘अर्ज पाहून सांगतो’ म्हणण्यात काही गैर नाही. जबाबाच्या प्रत्येक पानावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा आणि आपल्या म्हणण्यापेक्षा वेगळा शब्द पडला असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त करून घ्यावा.